दगडासारखं दिसणारं लाकूड

व्हर्जिनियात पोटोमॅक नदीकाठी जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन हे घर आहे. लांबून भिंती थेट घडीव दगडाच्या वाटतात. हात लावला तर खरखरीतही लागतात, पण आत असतं पाइनचं लाकूड! फळ्यांच्या कडा तिरप्या तासून चिऱ्यांचा भास निर्माण केला आणि ओल्या रंगावर वाळू उडवली.

मूळ साधंसं घर वडिलांनी १७३४ साली बांधलेलं. वॉशिंग्टन यांनी ते दोनदा वाढवून पॅलाडिओ या इटालियन वास्तुकाराच्या शैलीकडे झुकवलं. तरी दर्शनी खिडक्या नेमक्या जुळत नाहीत. जुन्यावर नवं चढवल्याची ही खूण फार बोलकी आहे.

नदीकडचा दोन मजली उंचीचा व्हरांडा तर अमेरिकेत अनेकांनी उचलला.

मोडकळीला आलेलं हे घर विकत घेण्याचा करार १८५८ साली महिलांच्या एका संस्थेनं केला. आजही तीच ते सांभाळते.