हिमातल्या मुक्कामाची सिद्धता

पुण्यात थंडी पडत नाही असे नाही. पौष महिन्यात पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढून जाणारी मंडळी पहाटे कानटोप्या घालून, हात शालीत खुपसून, ‘यंदा कडाका फार आहे हो’ असे एकमेकांस सांगताना आढळतात. पारा तेव्हा फार तर आठ-दहा अंशांपर्यंत उतरलेला असतो. ज्यांनी याहून अधिक थंडी कधी अनुभवली नाही, बर्फ म्हणून जो पाहिला तो रसवंतीच्या पेल्यातलाच, अशा अठरा मुलामुलींना घेऊन हिमालयात बर्फावर तंबू ठोकून चार रात्री काढावयाच्या, असे आम्ही योजिले आहे. ही मुले मार्केट यार्डाच्या आसपासच्या वसाहतींमधील. वय सोळा ते एकवीस. जावयाचे ते उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात, केदारकंठ्याच्या वाटेवर. गेले तीन महिने जी सिद्धता चालली आहे तिचा वृत्तान्त येथे देतो; कारण घरोघरची मुले हल्ली असे बेत करतात, आणि काय विचारावे हे पालकांस ठाऊक नसते.

मराठी माणसाला हिमालय आता परका राहिलेला नाही. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. २०१२ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली तेथे यशस्वी मोहीम नेली, आणि २०१९ साली याच संस्थेच्या दहा जणांनी कांचनगंगा गाठले. ही नावे आमच्या मुलांना मुखोद्गत आहेत. परंतु त्या शिखरांमागची वर्षानुवर्षांची साधना मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे नसते. त्याच हिमालयात ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा येथे हिमस्खलन होऊन उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतील पंचवीसहून अधिक माणसे दगावली. ती तर शिक्षण घेणारी आणि शिक्षण देणारी माणसे होती. केदारकंठ्याची वाट तितकी बिकट नाही, हे खरे; तथापि डोंगराशी वागण्याची रीत एकच असते.

एक चूक, आमचीच

काही वर्षांपूर्वी अशीच एक तुकडी आम्ही नेली होती. वरच्या मुक्कामावर पोहोचल्यावर आम्ही तंबूंच्या मध्ये उभे राहून विचारले, “सगळे ठीक ना?” एका सुरात “हो!” असे उत्तर आले आणि आमचे समाधान झाले. त्यांपैकी एका मुलाचे डोके दुपारपासून ठणकत होते. खाली पाठवतील या भीतीने तो बोलला नाही. जेवणाचे ताट त्याने अंधारात तसेच सारले. रात्री त्याला वांत्या सुरू झाल्या, आणि तंबूबाहेर येताना त्याचे पाय दारुड्यासारखे लटपटू लागले. आमच्यापैकी दोघे आणि सांकरी गावचा एक वाटाड्या विजेऱ्या घेऊन त्याला त्याच रात्री खालच्या मुक्कामावर घेऊन आले. उतरता उतरता त्याचे डोके हलके झाले; दुसऱ्या दिवशी दुपारी सांकरीत तो वरणभात मागून जेवला. सर्व सुखरूप पार पडले, म्हणून ही हकीकत आज सांगता येते. मुलाला कोणी रागावले नाही. विचारण्याची पद्धत चुकली होती ती आमची, आणि वाटेत एक दिवस वाचवावा म्हणून विश्रांतीचा मुक्काम गाळला होता तोही आम्हीच.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उंची वाढते तशी हवा विरळ होते, आणि प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू उणा पडतो. सुमारे अडीच हजार मीटरच्या वर हा त्रास कोणालाही, विशेषतः धडधाकट तरुणालाही, होऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. चाल अडखळू लागली, बोलणे असंबद्ध झाले, अथवा बसल्या जागीही धाप लागू लागली, तर जीवावरचा प्रसंग समजून तत्काळ खाली उतरावयाचे; सकाळची वाट पाहावयाची नाही. तीन हजार मीटरच्या वर निजण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये असा संकेत आहे. सांकरी सुमारे १,९५० मीटरवर, मधला जुडा का तालाब सुमारे २,८०० वर, वरचा मुक्काम ३,४०० च्या आसपास आणि माथा ३,८०० मीटर. म्हणून यंदा तलावाकाठी एकाऐवजी दोन रात्री काढण्याचे ठरविले आहे.

दुसरा नेम असा, की दोन-दोन जणांच्या जोड्या केल्या आहेत आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे उत्तरदायित्व घ्यावयाचे. सकाळ-संध्याकाळ आम्ही एकेकाला बाजूस घेऊन तीन प्रश्न विचारणार: डोके दुखते काय, जेवण किती गेले, झोप लागली काय? आणि हेच प्रश्न त्याच्याविषयी त्याच्या जोडीदारालाही.

भुसार विभागातील शाळा

शिधासामग्रीची खरेदी मुलांनी स्वतः करावी असा आमचा आग्रह होता. मार्केट यार्डाच्या इतक्या जवळ राहून त्यांपैकी अनेकांनी भुसार विभागाची एकही गल्ली पाहिली नव्हती. गूळ, शेंगदाणे, खजूर, मूगडाळ, पोहे अशी यादी घेऊन ती दुकानोदुकानी फिरली. बर्फातील दिवसभराच्या चालीला साडेतीन ते साडेचार हजार कॅलरींचे अन्न लागते, म्हणजे घरच्या दुपटीच्या जवळपास. एक ग्रॅम साखर चार कॅलरी देते तर एक ग्रॅम तूप नऊ. हा हिशेब कळल्यावर एरवी पोळीला तूप नको म्हणणाऱ्या मुलींनीच तुपाचा डबा मोठा घेतला.

पाण्याच्या उकळण्याचाही विचार करावा लागतो. दर तीनशे मीटर उंचीला पाण्याचा उकळबिंदू सुमारे एका अंशाने खाली येतो. वरच्या मुक्कामावर ते नव्वदीच्या आतच उकळते, आणि तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. म्हणून कुकर सोबत हवाच. शिवाय भाजून भरडलेली मूगडाळ, मेतकूट, भाजणीचे पीठ आणि आमसुले घेतली आहेत. चिक्की थंडीने दगडासारखी होते. तिचे घासाएवढे तुकडे घरूनच करून न्यावयाचे. पाण्यासाठी बर्फ वितळवावा लागला तर इंधन किती जाते याचा मुलांना अंदाज नसतो. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळविण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत तेच पाणी पुढे ऐंशी अंशांपर्यंत तापले असते! म्हणून वाहते पाणी जवळ असेल तेथेच मुक्काम करावयाचा.

या खरेदीत एक अनपेक्षित धडा मिळाला. बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीमुळे येथील हमालांच्या कष्टाला मान मिळाला, हे मुलांना पुस्तकी माहीत होते. त्या दिवशी मुले आपापल्या पाठपिशव्यांत सामान कोंबून निघाली, तेव्हा एका वयस्क हमालाने त्यांना थांबविले. “अरे पोरांनो, वजन खाली लोंबतंय. ते तुम्हाला मागं ओढणार. जड ते वर घ्या, पाठीला चिकटवून,” असे म्हणून त्यांनी एका मुलाची पिशवी रिती करून पुन्हा भरून दिली. पन्नास किलोचे पोते रोज वाहणाऱ्या त्या माणसाचे गणित अचूक होते. पुढील रविवारी सिंहगड चढताना मुलांना त्याची प्रचीती आली, आणि परत आल्यावर त्यांतील तिघे त्यांना मुद्दाम सांगावयास गेले.

शीतगृहातील अर्धा तास

कपड्यांविषयी एकच मुख्य सूत्र: सुती वस्त्र अंगाला लागू द्यावयाचे नाही. सूत घाम शोषते आणि ओलेच राहते, आणि ओल्या अंगाची ऊब हवेपेक्षा पाणी कितीतरी वेगाने पळविते. लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते. एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन थर घालावेत, चालताना काढावेत, थांबताच चढवावेत. बोटांचे हातमोजे दिसण्यास सुबक. परंतु चारही बोटे एकत्र ठेवणारे पिशवीवजा मोजे अधिक उबदार. काळा चष्मा हवाच, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो आणि डोळे भाजून निघतात. बंद तंबूत शेगडी कदापि पेटवावयाची नाही. तिच्या विषारी वायूला ना रंग ना वास. बधिर झालेली बोटे बर्फाने चोळणे हा जुना उपाय घातक आहे, तसेच ती विस्तवावर धरणेही. ती कोमट पाण्यात ठेवावीत, आणि पुन्हा गोठण्याची भीती असेल तर आधी खाली उतरावे.

हे सारे सांगून झाले. पण ऐकणे निराळे आणि सोसणे निराळे. पुण्यात थंडी आणावयाची कोठून? फळबाजारातील एका परिचित व्यापाऱ्यांनी ती अडचण सोडविली. हिमाचल-काश्मीरची सफरचंदे ज्या शीतगृहात ठेवतात तेथे अर्धा तास बसण्याची त्यांनी मोकळीक दिली. तेथील हवा शून्याच्या जेमतेम वर. मोजे घालून दोरीची गाठ मारणे, पिशवीचे बंद लावणे, विजेरीतील घट बदलणे, एवढीच कामे मुलांना दिली.

वीस मिनिटांनी एक शांत स्वभावाची मुलगी हळूच म्हणाली, “काका, माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना काही कळत नाहीये.” आम्ही तिला लगेच बाहेर नेले, आणि सर्वांसमक्ष तिला शाबासकी दिली. याच वेळी आमचा सर्वांत बळकट गडी, सिंहगड सर्वांआधी चढणारा, कोपऱ्यात बसून पिशवीचा बंद लावू पाहत होता. त्याला तो लागत नव्हता. विचारल्यावर म्हणाला, “मला काही होत नाही.” दात वाजत होते, तरी तेच उत्तर!

त्या रात्री आमच्यात बरीच चर्चा झाली. अशा मुलाला न्यावे की नाही? त्याचे पाय भक्कम होते. त्याची जीभ मात्र भरवशाची नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून स्पष्ट सांगितले, की तुझे नाव अद्याप यादीत नाही. आपले दुखणे वेळेवर सांगता येते असे तू दाखवावेस. मुलगा हिरमुसला. त्याच्या आईंचा दूरध्वनी आला, त्यांनाही आम्ही तेच सांगितले. पुढचे दोन रविवार तो बुटात खडा गेला तरी मोठ्याने जाहीर करी. सारे हसत आणि तोही हसे. तिसऱ्या रविवारी अर्ध्या गडावर तो आमच्याजवळ आला आणि कोणाला ऐकू न जाईल अशा बेताने म्हणाला, “गुडघा खरंच दुखतोय. मी इथेच थांबतो.” त्या संध्याकाळी आम्ही त्याचे नाव यादीत लिहिले.

पालकांची सभा

गेल्या आठवड्यात पालकांची सभा झाली. एक गृहस्थ म्हणाले, “एवढा खर्च करतो आहोत, तर माथ्यापर्यंत नेणार ना?” आम्ही उत्तर दिले, की ते वचन देता येत नाही. हवा बिघडली किंवा एक जरी मूल आजारी झाले, तर माथा अर्ध्या तासावर असला तरी परत फिरू. हे मान्य नसेल त्यांनी आजच पैसे परत घ्यावेत. थोडी कुजबुज झाली. कोणी पैसे परत मागितले नाहीत.

मागच्या रांगेत एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी विचारले, “अहो, मोजे ओले झाले तर वाळवणार कुठे? तिथे ऊन तरी पडतं का?” सभेतील सर्वांत मार्मिक प्रश्न तोच होता. आम्ही सांगितले, की ओले मोजे अंगातल्या कपड्यांच्या आत, पोटाशी धरून वाळवायचे. आणि एक कोरडा जोड केवळ निजण्यासाठी वेगळा बांधून ठेवायचा, दिवसा त्याला हात लावायचा नाही. आजींनी मान डोलावली. परवा त्यांचा नातू लाल लोकरीचा एक जोड आणून दाखवून गेला. त्यावर त्यांनी पांढऱ्या दोऱ्याने ‘रात्री’ असे विणून दिले आहे.

गाडी सुटण्यास आता नऊ दिवस उरले आहेत.