अदृश्य किरणांचा वेध

अंधाऱ्या रात्री दिवे मालवून उडणारे विमान माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्याच्या इंजिनातून बाहेर पडणारी उष्णता पूर्णपणे लपविणे कोणत्याही वैमानिकाला शक्य नसते. ही उष्णता दुरून टिपणारे डोळे आज अनेक लढाऊ विमानांना लाभलेले आहेत.

या डोळ्यांचे मूळ एका साध्या प्रयोगात आहे. १८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने इंग्लंडमध्ये सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन त्याचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगातील उष्णता तापमापकाने मोजली. तांबड्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. परंतु तेथेच तापमापक सर्वांत अधिक चढला! या अदृश्य किरणांना अवरक्त किरण म्हणतात. चुलीतील निखारा, माणसाचे शरीर, विमानाचे इंजिन, या साऱ्यांतून हे किरण सतत बाहेर पडत असतात.

मिग-२९ आणि सुखोई-३० या विमानांवर वैमानिकाच्या काचेपुढे एक लहानसा गोल घुमट दिसतो. त्यातील आरसे आकाशाचा शोध घेतात व आलेले अवरक्त किरण संवेदकावर एकवटतात. संवेदक त्यांचे विजेच्या संकेतांत रूपांतर करतो आणि वैमानिकापुढील पडद्यावर खूण उमटते. असे अनेक संवेदक अतिशय थंड ठेवावे लागतात. गजबजलेल्या बाजारात जशी कुजबुज ऐकू येत नाही, तशी स्वतःच तापलेल्या संवेदकाला दूरची मंद उष्णता जाणवत नाही. भारतीय वायुदलाची अनेक सुखोई-३० विमाने नाशिकजवळील ओझर येथे बांधली गेली आहेत.

रडारही दूरचे विमान शोधते. मग या डोळ्यांची गरज काय? रडार रेडिओलहरी सोडते आणि परत आलेल्या लहरींवरून अंतर जाणते. पण अंधारात कंदील घेऊन निघालेला माणूस जसा इतरांना दुरून दिसतो, तसेच रडारचे अस्तित्व शत्रूला कळते. अवरक्त संवेदक मात्र काहीही न सोडता केवळ पाहतो. त्याला अंतर सहज कळत नाही, म्हणून त्याच्या जोडीला अंतर मोजणारा लेसर असतो.

तरीही हा डोळा सर्वसमर्थ नाही. दाट ढग त्याची दृष्टी अडवितात. विमानातून सोडलेले जळते गोळे उष्णतेच्या मागे धावणाऱ्या क्षेपणास्त्रांना फसवितात. शिवाय अतिदूरचे विमान केवळ एका ठिपक्यासारखे दिसते. ते शत्रूचे आहे की प्रवाशांनी भरलेले आहे, हे ठिपका सांगत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफ-१४ विमानांवर दूरचे विमान ओळखण्यासाठी दुर्बिणीसारखे काम करणारा दूरचित्रवाणी कॅमेरा बसविलेला असे.

यंत्र उष्णता पाहते. परंतु ती कोणाची आहे, याची खात्री करून घेण्याची जबाबदारी माणसाचीच असते. क्षणभराच्या उतावळेपणाने शेकडो निरपराध जीव जाऊ शकतात. तीक्ष्ण दृष्टीला सावध विवेकाची जोड मिळाली, तरच ती रक्षणाच्या कामी येते.