एकाच गुच्छातील भिन्न तारे

गोलाकार तारकागुच्छात लक्षावधी तारे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेले असतात. ते सारे एकाच वायुमेघातून एकाच वेळी जन्मले, म्हणून त्यांची रासायनिक घडणही एकच, असे पूर्वी मानीत. परंतु वर्णपटांनी निराळीच साक्ष दिली. काही ताऱ्यांत सोडियम अधिक, तर ऑक्सिजन कमी आढळला. तारा वृद्ध होऊन फुगला, की अंतर्भागातील द्रव्य पृष्ठावर येते. हा त्याचाच परिणाम असेल काय? मयूर तारकासमूहातील एन.जी.सी. ६७५२ या गुच्छात, अद्याप न फुगलेल्या ताऱ्यांतही हाच भेद असल्याचे २००१ साली दिसून आले. अशा ताऱ्यांच्या गाभ्यात सोडियम घडण्याइतकी उष्णता नसते. तेव्हा हे द्रव्य त्यांना अन्य, अधिक तप्त ताऱ्यांकडून लाभले असले पाहिजे. ते दाते तारे कोणते, हे कोडे मात्र अद्याप सुटलेले नाही.