मठाबाहेरचे मुख्याध्यापक
(लेखमाला : शाळांचा कारभार – लेखांक ७)

अमेरिकेतील कॅथलिक शाळांचे प्रशासक घडवण्यासाठी विद्यापीठांना वेगळे पदव्युत्तर अभ्यासक्रम का काढावे लागले, हे कळण्यासाठी त्या शाळांची जुनी घडी आधी पाहावी लागते. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या बिशपांच्या तिसऱ्या राष्ट्रीय परिषदेने प्रत्येक धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील भाविकसमूहाने, स्वतःची शाळा काढावी असे फर्मावले आणि पुढील सुमारे ऐंशी वर्षे त्या शाळांचा भार मुख्यतः धर्मभगिनींनी वाहिला. १९६०च्या दशकात या शाळांतील विद्यार्थिसंख्या बावन्न लाखांपर्यंत पोहोचली होती. भगिनींना निर्वाहापुरते मानधन मिळे, मुख्याध्यापिका कोण होणार हे भगिनींच्या संघाच्या वरिष्ठ ठरवीत आणि कारभाराचे धडे ज्येष्ठ भगिनींच्या हाताखाली गिरवले जात. ही तयारी कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नव्हती, म्हणूनच तिचे मोल ती संपल्यावर उमगले.

१९६०च्या दशकातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक चर्चच्या सर्वोच्च धर्मसभेनंतर, व्रतस्थांची संख्या झपाट्याने घटली आणि आज तेथील बहुतेक सर्व शिक्षक प्रापंचिक, म्हणजे धर्मव्रत न घेतलेले, आहेत. या स्थित्यंतराची चर्चा बहुधा श्रद्धेच्या अंगाने होते. परंतु खरा ताण जमाखर्चाच्या वहीत दिसतो. प्रापंचिक शिक्षकाला संसार चालेल एवढे वेतन द्यावे लागते, फीमधून तो खर्च सहसा भागत नाही आणि धार्मिक शाळांतील शिक्षकांच्या वेतनाला सरकारी तिजोरीतून थेट हातभार लावणारे राज्यांचे कायदे १९७१ साली ‘लेमन विरुद्ध कर्ट्झमन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. उरलेली तूट धर्मग्रामाच्या अनुदानातून आणि देणग्यांतून भरून काढण्यासाठी मुख्याध्यापकाला झटावे लागते. शिवाय धर्मग्रामाच्या शाळेत त्याला दोघांना उत्तर द्यावे लागते : एकीकडे धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू, तर दुसरीकडे धर्मप्रांताचे, म्हणजे बिशपांच्या अधिकारक्षेत्राचे, शिक्षण कार्यालय. शाळेचे मंडळ असले तरी ते पुष्कळदा केवळ सल्लागार असते.

नेमक्या या अडचणींवर इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठाचा शैक्षणिक प्रशासनातील एम. ए. अभ्यासक्रम बेतलेला आहे. कॅथलिक शाळांना शिक्षक पुरवण्यासाठी १९९३ साली तेथे सुरू झालेल्या उपक्रमाचीच ही पुढची शाखा असून तिला मेरी ॲन रेमिक यांचे नाव दिलेले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात एकत्र राहून शिकतात, प्रार्थना करतात आणि वर्षभर आपापल्या शाळेत काम करतात, म्हणजे नोकरी न सोडता पदवी मिळते. अध्यापनाची देखरेख, अंदाजपत्रक, शालेय कायदा आणि धर्मशिक्षण हे विषय येथे एकत्र शिकवले जातात. त्यांच्याबरोबर कृतिसंशोधनही असते, म्हणजे स्वतःच्या शाळेतील एखादी अडचण हेरून, उपाय योजून, त्याचा परिणाम तपासणे. एकत्र राहण्याची आणि प्रार्थनेची ही योजना भगिनींच्या मठातील सहजीवनाची उणीव भरून काढण्यासाठीच असावी. मात्र भगिनींना जे उभ्या आयुष्यात लाभे, ते काही उन्हाळ्यांत हाती येईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पैशाच्या व्यवहारात मात्र हा पदवीधर जुन्या मुख्याध्यापिकेपेक्षा सरस तयारीचा असतो.

महाराष्ट्रात मुख्याध्यापकाच्या या प्रश्नाला कायद्याची वेगळी बाजू आहे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७चा अधिनियम अल्पसंख्याक शाळेच्या, म्हणजे कॅथलिक शाळेच्याही, प्रमुखाच्या निवडीला लागू होत नाही. त्या तरतुदीचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.