मोल आणि मोजमाप

१ डिसेंबर २०२४ची रात्र. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ऑर्चर्ड पार्कच्या उघड्या स्टेडियमवर बर्फ कोसळत होता. मैदानावरच्या रेषा फावड्यांनी पुन्हा पुन्हा मोकळ्या कराव्या लागत होत्या. गोलरेषा सात यार्डांवर आली असताना बफेलो बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन याने अमारी कूपरकडे चेंडू फेकला. कूपरने तो झेलला, पण लगेच सॅन फ्रान्सिस्कोचे खेळाडू त्याच्या अंगाला भिडले. खाली जाता जाता त्याने चेंडू मागे सोडला, तो थेट ॲलनच्याच हातात. ॲलन कोपऱ्याकडे धावला आणि बर्फात झेपावला. टचडाऊन!

स्कोअर लिहिणाऱ्यांनी नियमाप्रमाणे नोंद केली. पास ॲलनचा, म्हणून पासच्या रकान्यात एक टचडाऊन. चेंडू रेषेपलीकडे नेणाराही ॲलनच, म्हणून पास घेणाऱ्यांच्या रकान्यातही एक टचडाऊन. फळ्यावर सहाच गुण लागले, पण एका माणसाच्या खात्यावर दोन टचडाऊन जमा झाले. एकाच खेळीत पास देणारा आणि त्यावरच गुण करणारा क्वार्टरबॅक एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगमध्ये क्वचितच दिसतो. हंगाम संपला तेव्हा ॲलनच्या नावावर एकूण ४१ टचडाऊन होते: २८ पासचे, १२ स्वतः धावून केलेले आणि हा एक वरचा.

कोल्हापुरात किंवा मडगावात ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ वेगळा. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. हल्ला करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या ताब्यात. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो पुढे धावणाऱ्या रिसीव्हरकडे फेकायचा, शेजारच्या रनिंग बॅकच्या पोटाशी द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, आणि तेही सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असताना. तो चेंडू टाकण्याआधीच जमिनीवर आडवा झाला तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. त्याचा पास विरुद्ध संघाने झेलला तर ते ‘इंटरसेप्शन’.

या लीगचा ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ असोसिएटेड प्रेसने निवडलेले ५० पत्रकार आणि समालोचक ठरवतात. मतदान साखळी सामने संपताच होतं. त्यानंतरच्या प्लेऑफमधली, म्हणजे बाद फेरीतली, कामगिरी त्यात धरत नाहीत. २०२२पासून प्रत्येक मतदार पहिल्यापासून पाचव्यापर्यंत पाच नावं लिहितो आणि त्यांना १०, ५, ३, २ आणि १ असे गुण मिळतात. ‘व्हॅल्युएबल’ म्हणजे नेमकं काय, हे मात्र मतदारांना कुणी सांगत नाही. सर्वांत चांगला खेळलेला? ज्याच्यावाचून संघ उभाच राहिला नसता असा? की जिंकलेल्या संघातला सर्वांत मोठा? पन्नास जण आपापल्या परीने अर्थ लावतात, आणि २०२४च्या हंगामात हा प्रश्न टाळायला कुणालाच वाव राहिला नाही.

त्या वर्षीच्या तीन दावेदारांची गोष्ट एकाच रात्रीपासून सुरू होते. २६ एप्रिल २०१८ला टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंची निवड झाली. दुसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्सनी सॅक्वॉन बार्कली हा रनिंग बॅक उचलला. सातव्यावर बफेलोने ॲलनला घेतलं. तो कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ गावच्या शेतकरी कुटुंबातला. शाळेनंतर एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती, म्हणून आधी छोटं कॉलेज आणि मग वायोमिंग असा त्याचा प्रवास झाला. हात तोफेसारखा, पण नेम कच्चा, असंच त्याच्याबद्दल सगळे बोलत. लामार जॅक्सन मात्र ताटकळत बसला होता. २०१६चा हाइझमन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान, त्याच्या घरी होता. तरीही काही जाणकार त्याला क्वार्टरबॅक सोडून रिसीव्हर हो असा सल्ला देत होते. पहिल्या फेरीतला अगदी शेवटचा, ३२वा क्रमांक फिलाडेल्फिया ईगल्सकडे होता. बाल्टिमोर रेव्हन्सनी सौदा करून तो मिळवला आणि जॅक्सनला घेतलं.

सहा वर्षांनी या तिघांची नावं एकाच मतपत्रिकेवर आली.

आकड्यांच्या लढतीत ॲलन हरतो, हे आधीच मान्य करायला हवं. जॅक्सनने ४,१७२ यार्डांचे पास दिले आणि ९१५ यार्ड स्वतः धावला. एका हंगामात ४,००० यार्ड पास आणि ९०० यार्ड धाव हे दोन्ही त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. त्याचे पासचे टचडाऊन ४१, इंटरसेप्शन फक्त ४. ॲलनचे पासचे यार्ड ३,७३१, धावेचे ५३१, इंटरसेप्शन ६. पासर रेटिंग नावाचं एक मोजमाप आहे. किती पास पूर्ण झाले, त्यातून किती यार्ड मिळाले, किती टचडाऊन झाले आणि किती पास विरुद्ध संघाच्या हाती गेले, या चार गोष्टींपासून ते काढतात आणि त्याची कमाल मर्यादा १५८.३ आहे. जॅक्सनचं रेटिंग ११९.६ होतं, ॲलनचं १०१.४. क्रिकेटच्या भाषेत बोलायचं तर एकाची सरासरीही जास्त आणि स्ट्राइक रेटही जास्त. शिवाय २९ सप्टेंबरला दोघे समोरासमोर आले तेव्हा रेव्हन्सनी बिल्सना ३५–१० असं लोळवलं होतं.

मग ॲलनच्या बाजूने काय उरतं? बरंच काही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये बिल्सनी आपला सर्वांत मोठा रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज ह्यूस्टनला देऊन टाकला. गेब डेव्हिसही दुसरीकडे गेला. संघ उतरणीला लागणार असं पुष्कळांनी धरलं होतं. हंगामाअखेर बिल्सच्या एकाही रिसीव्हरचे हजार यार्ड भरले नाहीत. सर्वांत पुढे होता खलील शकीर, ८२१ यार्डांवर. असं असूनही बिल्स १३–४ असे खेळले, आणि पासवर ३० व धावेवर ३० टचडाऊन एकाच हंगामात करणारा लीगच्या इतिहासातला पहिला संघ ठरले. संपूर्ण हंगामात त्यांनी चेंडू फक्त ८ वेळा गमावला. ॲलन सॅक झाला तो अवघा १४ वेळा. पासर रेटिंगच्या गणितात सॅकला जागाच नाही. क्वार्टरबॅक आडवा होतो तेव्हा संघ मागे ढकलला जातो आणि चारपैकी एक प्रयत्न वाया जातो. ते टाळण्याचं श्रेय त्या गणितात कुणालाच मिळत नाही. ॲलनच्या खेळातला मोठा भाग अशा न घडलेल्या गोष्टींचा आहे. आकड्यांच्या तक्त्यात तो दिसत नाही, पण सामना पाहणाऱ्याला तो जाणवतो.

जॅक्सनच्या शेजारी डेरिक हेन्री हा रनिंग बॅक होता, याचाही मतदारांच्या मनावर परिणाम झाला असणार. त्या हंगामात हेन्री १,९२१ यार्ड धावला. असा माणूस पाठीशी असला की बचाव करणारे पुढे खेचले जातात आणि मागची जागा पास देणाऱ्यासाठी मोकळी होते. पण हा युक्तिवाद उलटा फिरवला तरी तितकाच खरा ठरतो. जॅक्सन स्वतः केव्हाही पळू शकतो म्हणून एका बचावपटूला त्याच्यावर डोळा ठेवून थांबावंच लागतं आणि तेवढा एक माणूस हेन्रीच्या वाटेतून कमी होतो. कुणामुळे कोण मोठा झाला, हे दोन माणसं एकाच खेळीत गुंतलेली असताना वेगळं काढता येत नाही. हेन्री आला म्हणून जॅक्सनचं मोल घटलं असं मानणाऱ्यांनी निम्माच हिशेब केला, असं म्हणावं लागतं.

ॲलनची बाजू भक्कम झाली ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. १७ नोव्हेंबरला कॅन्सस सिटी चीफ्स अजिंक्य होते. बिल्स थोडेसेच पुढे होते आणि चौथ्या प्रयत्नात दोन यार्ड हवे होते. ॲलनने चेंडू काखेत धरला आणि माणसांतून वाट काढत २६ यार्ड धावून टचडाऊन केला. सामना ३०–२१ असा सुटला आणि चीफ्सचा हंगामातला पहिला पराभव झाला. ८ डिसेंबरला रॅम्सविरुद्ध त्याने तीन टचडाऊन पासने आणि तीन स्वतः धावून केले. बिल्स तो सामना ४४–४२ असे हरले. पुढच्याच रविवारी डेट्रॉइटमध्ये, त्या वर्षी सर्वाधिक गुण करणाऱ्या लायन्सना त्यांनी ४८–४२ असं हरवलं. अशा चार आठवड्यांत मतदारांची मनं तयार होतात. जॅक्सनचं कौतुक आदल्याच वर्षी होऊन गेलं होतं. २०२३चा पुरस्कार त्याने ५०पैकी ४९ पहिली मतं घेऊन मिळवला होता आणि २०१९चा तर एकमताने. तिसरा मिळाला असता तर तो जिम ब्राउन, जॉनी युनायटस, ब्रेट फार्व्ह आणि टॉम ब्रेडी यांच्या पंगतीला बसला असता. त्या पंगतीत पान मांडताना मतदारांचा हात थोडा आखडतोच.

बार्कलीची कहाणी वेगळ्या अंगाने सलते. जायंट्सकडून २०२३मध्ये तो ९६२ यार्ड धावला. मार्च २०२४मध्ये तो ईगल्सकडे आला आणि त्याच पायांनी २,००५ यार्ड धावला. लीगच्या इतिहासात दोन हजारांचा टप्पा गाठणारा तो नववा. ३ नोव्हेंबरला जॅक्सनव्हिलविरुद्ध धावता धावता त्याने गिरकी घेतली आणि पाठ वळलेली असताना मागे उडी मारून तो एका बचावपटूच्या डोक्यावरून गेला. ती चित्रफीत जगभर फिरली. एरिक डिकर्सनचा २,१०५ यार्डांचा १९८४चा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते आणि शेवटचा सामना बाकी होता, तोही जुन्या जायंट्सशी. प्लेऑफमधली जागा पक्की झाल्यामुळे प्रशिक्षकांनी त्याला बसवलं.

दोन हजार यार्डांच्या त्या नऊ जणांची यादी पाहण्यासारखी आहे. ओ. जे. सिम्पसनला १९७३मध्ये हा पुरस्कार मिळाला. बॅरी सँडर्सला १९९७मध्ये फार्व्हबरोबर वाटून घ्यावा लागला, टेरेल डेव्हिसला १९९८मध्ये मिळाला आणि ॲड्रियन पीटरसनला २०१२मध्ये. बाकीच्यांचे हात रिकामे. खुद्द डिकर्सनच्या विक्रमी वर्षी पुरस्कार गेला डॅन मरिनोकडे, कारण त्याने त्याच हंगामात ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाऊन असे पासचे विक्रम केले होते. पीटरसननंतर २०२४पर्यंत क्वार्टरबॅक सोडून दुसऱ्या कुणालाही हा मान मिळालेला नाही. बचावपटूंमध्ये ॲलन पेज (१९७१) आणि लॉरेन्स टेलर (१९८६) हे दोघेच. १९८२च्या संपामुळे नऊ सामन्यांवर आटोपलेल्या हंगामात तो मार्क मोझली या किकरला मिळाला होता. पण रिसीव्हरला एकदाही नाही, जेरी राइसलाही नाही.

बार्कलीला पहिल्या पसंतीचं एकही मत पडलं नाही. ईगल्सची पुढची फळी लीगमधल्या उत्तम फळींपैकी होती, तिनेच वाट मोकळी केली, असं त्याच्याविरुद्ध बोललं गेलं. पण चांगल्या फळीचा फायदा क्वार्टरबॅकलाही होतोच, आणि ॲलनच्या १४ सॅकमध्ये त्याच्या फळीचाही वाटा आहे. एकाला लावलेली कसोटी दुसऱ्याला लावली नाही, एवढी तक्रार बार्कलीच्या चाहत्यांनी जरूर करावी.

सिनसिनाटीच्या जो बरोने तर ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाऊन या दोन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. त्याच्या संघाचा बचाव गळक्या मडक्यासारखा होता. ७ नोव्हेंबरला बाल्टिमोरमध्ये त्याने ४२८ यार्ड आणि चार टचडाऊन केले, तरी संघ ३५–३४ असा हरला. त्याआधी त्याच संघाविरुद्ध घरच्या मैदानावर पाच टचडाऊन पास देऊनही हार, ४१–३८. बेंगल्स ९–८ वर अडकले आणि प्लेऑफमध्ये पोचले नाहीत, म्हणून बरो चौथा. इतरांच्या चुका खेळाडूच्या खात्यावर मांडण्याची ही पद्धत न्याय्य वाटत नाही, पण ती जुनी आहे.

६ फेब्रुवारी २०२५ला न्यू ऑर्लिन्समध्ये निकाल जाहीर झाला. ॲलन ३८३, जॅक्सन ३६२, बार्कली १२०, बरो ८२. पहिल्या पसंतीची मतं ॲलनला २७ आणि जॅक्सनला २३. बेरजा उलगडून पाहिल्या की आणखी एक गोष्ट दिसते. ॲलनला २२ जणांनी दुसरा आणि एकाने तिसरा ठेवला, तर जॅक्सनला २६ जणांनी दुसरा आणि एकाने चक्क चौथा. आणि याच पन्नास मतदारांनी हंगामाचा सर्वोत्तम संघ निवडताना क्वार्टरबॅकच्या जागी जॅक्सनला बसवलं होतं, ३० विरुद्ध १८ मतांनी. म्हणजे सर्वोत्तम क्वार्टरबॅक एक आणि सर्वांत मोलाचा खेळाडू दुसरा क्वार्टरबॅक. काहींना यात विसंगती दिसली. पण खेळातली सफाई आणि संघाने खांद्यावर टाकलेला भार या दोन गोष्टी त्या मतदारांनी वेगवेगळ्या तोलल्या, आणि दोन्ही वेळा त्यांचं उत्तर पटण्यासारखं आहे.

या मतपत्रिका बंद झाल्यावर, १९ जानेवारीला, दोघे पुन्हा ऑर्चर्ड पार्कला भेटले. दोन गुणांच्या प्रयत्नासाठी जॅक्सनने दिलेला नेमका पास शेवटच्या दीड-दोन मिनिटांत रेव्हन्सच्याच मार्क अँड्र्यूजच्या हातून निसटला आणि बिल्स २७–२५ असे जिंकले. पुढच्याच आठवड्यात चीफ्सनी ॲलनला घरी पाठवलं. ९ फेब्रुवारीला, म्हणजे बार्कलीच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ईगल्सनी चीफ्सना ४०–२२ असं हरवून सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला. त्या दिवशी प्लेऑफसकट त्याचे यार्ड २,५०४ झाले. टेरेल डेव्हिसचा १९९८पासून टिकलेला २,४७६ यार्डांचा विक्रम मागे पडला होता.