घरातील विस्तव आणि त्यापासून संरक्षण

आग लागली असता पाणी ओतावे, एवढेच ज्ञान बहुतेक घरांत असते. ते पुरेसे नाही. कित्येक प्रसंगी ते घातकही ठरते. म्हणून आग कशावर जगते, हे शिक्षकांनी मुलांस प्रथम समजावून द्यावे. जळाऊ पदार्थ, हवेतील प्राणवायू आणि पुरेशी उष्णता ही तीन एकत्र आल्यावाचून ज्वाला पेटत नाही व टिकतही नाही. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घातला की ती थोड्याच वेळात विझते, हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतो. तो शिक्षकांनी स्वतः करावा, व शेजारी पाण्याची बादली भरून ठेवावी. प्रयोगाबरोबर सावधगिरीचाही पाठ आपोआप होतो.

लाकूड, कडबा, कापड पेटले असता पाणी उपयोगी पडते, कारण ते पदार्थास थंड करते. कढईतील तेल पेटले असता मात्र पाणी टाकणे म्हणजे अनर्थ होय. पाणी तेलाहून जड असल्याने तळाशी जाते, तेथे क्षणार्धात त्याची वाफ होते, आणि पाण्याच्या कितीतरी पट जागा व्यापणारी ती वाफ पेटते तेल चहूकडे उधळते. अशा वेळी शेगडी बंद करून कढईवर सपाट झाकण सरकवावे व कढई निवेपर्यंत ते उचलू नये. विजेच्या उपकरणाने पेट घेतल्यास आधी मेन स्विच बंद करावा.

खेड्यात सहसा दुर्लक्षिला जाणारा धोका म्हणजे राख. पूर्वी घरोघरी रात्री निखारा राखेत पुरून ठेवीत व पहाटे फुंकर घालून त्यावरच चूल पेटवीत. राखेतून उष्णता लवकर बाहेर पडत नाही व आत हवाही बेताचीच शिरते, म्हणून निखारा रात्रभर धुमसत राहतो. ही युक्ती ठाऊक असलेल्या घरातूनही संध्याकाळची राख तशीच उकिरड्यावर टाकली जाते, हे नवलच होय! वारा सुटला की राख उडते, निखारा उघडा पडतो आणि ठिणगी कडब्याच्या गंजीवर जाते. राखेत पाणी कालवून मगच ती टाकावी. गंजी घर, गोठा व विजेच्या तारा यांपासून दूर रचावी.

चुलीबरोबर आता गॅसची शेगडीही खेड्यातील घरांत आली आहे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर वर न जाता जमिनीलगत साचतो. त्यास मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळलेले असते. वास येताच विस्तव विझवावा, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर पडावे. दिव्याचे बटण लावू नये, तसेच बंदही करू नये. दोन्ही वेळी ठिणगी उडते. गळती काडी ओढून पाहणारे महाभाग अद्याप आढळतात. नळीवर साबणाचे पाणी लावले असता गळतीच्या जागी बुडबुडे येतात, तेवढी परीक्षा पुरे. गॅसगळतीची वर्दी १९०६ या क्रमांकावर, व आगीची १०१ किंवा ११२ या क्रमांकावर द्यावी. हे क्रमांक मुलांकडून पाढ्यांप्रमाणे पाठ करून घ्यावेत.

अंगावरील कपडे पेटले असता माणूस घाबरून धावतो. धावण्याने ज्वालेस अधिक हवा मिळते, आणि उभे राहण्याने ती चेहऱ्याकडे चढते. म्हणून जागीच थांबावे, जमिनीवर आडवे व्हावे व लोळावे. जवळच्या माणसाने जाड घोंगडी टाकून ज्वाला दाबावी. मुलांकडून मैदानावर हे प्रत्यक्ष करून घ्यावे, कारण वाचून लक्षात राहिलेली गोष्ट ऐन वेळी आठवत नाही. भाजलेल्या जागी निदान वीस मिनिटे साध्या थंड पाण्याची धार सोडावी. हळद, शाई, दंतमंजन वा तूप लावू नये. त्वचेस चिकटलेले कापड ओढू नये. स्वच्छ कापडाने जागा झाकून रुग्णास दवाखान्यात न्यावे.

शाळेपुरता विचार करता, तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी घडलेली दुर्घटना प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावी. तेथे शाळेच्या स्वयंपाकघरातील विस्तव शाकारलेल्या छपरास लागला, छप्पर वर्गांवर कोसळले व ९४ मुले दगावली. बाहेर पडण्याची वाट अरुंद होती. पुढे एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील अग्निसुरक्षेविषयी देशभर लागू होणारे आदेश दिले. पोषण आहार शिजविण्याची जागा वर्गापासून अलग असावी; तेथे पाणी व वाळूच्या बादल्या भरलेल्या असाव्यात, त्यांत कचरा नसावा.

धुराने भरलेल्या खोलीत ज्वालेपूर्वी धूरच प्राण घेतो. तो वर चढतो, म्हणून जमिनीलगत रांगत बाहेर यावे. वर्गाच्या दारात बाके वा पोती रचू नयेत. महिन्यातून एकदा घंटेच्या ठरीव खुणेने वर्ग बाहेर काढण्याचा सराव घ्यावा. लहान मुले पुढे, शिक्षक सर्वांच्या मागे. शिक्षकाने निघताना हजेरीपट बरोबर घ्यावा व मैदानावर नावे पुकारावीत. कोण आत राहिले, हे त्यावाचून कळत नाही.