घर घेण्याआधी शाळा

कोलाडला घर घ्यायचे ठरले आणि आमच्या घरी पहिला वाद जागेच्या भावावर नव्हे, धाकटीच्या शाळेवर झाला. दलाल सांगतो, "शाळा एक नंबर, दहावीचा निकाल बघा." पण आमची पोर पहिलीत जायची आहे, तिला दहावीच्या निकालाचे काय?

सुभेदार रामजी साताऱ्याहून मुंबईस आले, तेव्हा परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत सारे कुटुंब राहिले. त्याच खोलीतून बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले आणि १९०७ साली मॅट्रिक झाले. आमच्या सासूबाई हेच सांगतात : खोली एक कमी चालेल.

मग आम्ही दोघे शाळा भरायच्या वेळी जाऊन उभे राहिलो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. आम्ही मुले मोजली, शिक्षक मोजले. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, दाराला कडी आहे का, तेही पाहिले. नाव ऐकून हे कळत नाही.

एक घर स्वस्त होते, पण मुंबई-गोवा महामार्गाच्या पलीकडे. सहा वर्षांच्या पोरीने तो रोज दोनदा ओलांडायचा! ते घर सोडले. दुसरे महाग आहे, भविष्यनिर्वाह निधीला हात लावावा लागेल. विसार अजून दिलेला नाही. जूनच्या पावसात त्या घरापासून शाळेपर्यंत एकदा चालून पाहणार आहोत.